एका युनिटात किती किलोमीटर?

२०२५ च्या दिवाळीपूर्वी एके दिवशी, शाळा सुटण्याच्या सुमारास, आठव्या इयत्तेतील एका विद्यार्थ्याचे वडील आम्हांस भेटावयास आले. त्यांची स्वतःची एक लॉरी आहे. हंगामात सोयाबीन व तूर उदगीर-लातूरच्या बाजारात न्यावी, ऊस सुरू झाला की कारखान्याच्या फेऱ्या कराव्या आणि उरलेल्या दिवसांत विटा, वाळू, सिमेंट असे जे मिळेल ते भाडे घ्यावे, असा त्यांचा व्यवसाय. डिझेलच्या खर्चाने ते मेटाकुटीस आले होते. त्यांच्या हातात विजेवर चालणाऱ्या ट्रकचे एक गुळगुळीत, चित्रमय माहितीपत्रक होते, तेही इंग्रजीत. ते म्हणाले, "गुरुजी, दोन एकर जमीन काढावी आणि ही गाडी घ्यावी, असे मनात आहे. एकदा बॅटरी भरली की किती चालते, ते यात लिहिले आहे म्हणतात. त्यातले खरे किती, तेवढे सांगा."

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. यंत्रशास्त्रात आमची गती बेताचीच. परंतु प्रश्न दोन एकर जमिनीचा होता आणि ती जमीन आमच्याच एका विद्यार्थ्याच्या घरची होती. तेव्हा "पाहून सांगतो" असे म्हणून आम्ही ते पत्रक ठेवून घेतले. पुढे शास्त्राच्या शिक्षकांचे साहाय्य घेऊन आणि वर्गातील मुलांना हाताशी धरून आम्ही जो हिशेब मांडला, तोच येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत. आज जनवाड्यासारख्या गावांतूनही पुष्कळ कुटुंबे विजेची गाडी घेण्याचा विचार करू लागली आहेत. त्यांस याचा काही उपयोग व्हावा, एवढाच हेतू आहे.

प्रथम माप समजून घेऊ. घरी येणाऱ्या वीजबिलात जे युनिट असते, तेच गाडीच्या बॅटरीचे माप होय. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. चाळीस युनिटांची बॅटरी म्हणजे चाळीस युनिटे साठविणारा हौद. आता डिझेलकडे पाहा. एक लिटर डिझेल जाळल्यास जी उष्णता मिळते, ती सुमारे दहा युनिटांइतकी असते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की एक नवल दिसते. जून २०२५ मध्ये बाजारात आलेल्या टाटा हॅरिअरच्या विजेवरील आवृत्तीत ७५ युनिटांची बॅटरी मिळते. म्हणजे एवढ्या मोठ्या गाडीच्या हौदात केवळ साडेसात लिटर डिझेलइतकी शक्ती असते! आणि तेवढ्या शक्तीवर ती चारशे-पाचशे किलोमीटर जाते.

हे कसे घडते? डिझेलच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनातील बरीचशी शक्ती उष्णतेच्या रूपाने धुराड्यातून व रेडिएटरमधून निघून जाते. चाकांपर्यंत पोहोचतो तो तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासचा भाग. विजेच्या मोटरीत हा अपव्यय फार थोडा असतो. बॅटरीतून निघालेल्या शक्तीपैकी आठ-नऊ दशांश भाग चाकांस मिळतो. गळक्या मोटेने विहीर उपसणे आणि न गळणाऱ्या मोटेने उपसणे यांत जो फरक, तोच येथे आहे. मात्र न गळणाऱ्या मोटेचा हौद भारी जड असतो. साडेसात लिटर डिझेलचे वजन सहा-साडेसहा किलो भरते. तेवढीच शक्ती साठविणारी बॅटरी चार-पाचशे किलोंची होते. विजेच्या गाडीचे सारे गुण आणि सारे दोष या एका गोष्टीत सामावलेले आहेत.

आता माहितीपत्रकातील आकड्याकडे वळू. पुण्यास वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली 'एआरएआय' ही मोटारींची संशोधन संस्था आहे. गाडी एका भरण्यात किती जाईल, याची चाचणी अशा संस्थांत होते. गाडी रस्त्यावर न नेता तिची चाके फिरत्या रुळांवर ठेवितात आणि ठरवून दिलेल्या क्रमाने वेग कमी-अधिक करितात. या क्रमात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो आणि तोही थोडाच वेळ. वातानुकूलन यंत्र बंद असते. समोर वारा नाही, चढ नाही, टपावर सामान नाही. सर्व गाड्यांची तुलना एकाच मापाने व्हावी म्हणून अशी चाचणी हवीच. परंतु रुळांवरील ते किलोमीटर आपल्या रस्त्यावरचे किलोमीटर नव्हेत, हे विसरता कामा नये.

याचे उदाहरण पुणे जिल्ह्यातील रांजणगावीच सापडते. जानेवारी २०२० मध्ये टाटांची नेक्सॉन ही गाडी विजेच्या रूपात विक्रीस आली. बॅटरी ३०.२ युनिटांची आणि प्रमाणित अंतर ३१२ किलोमीटर. भागाकार केला तर एका युनिटात दहा किलोमीटरांहून थोडे अधिक पडतात. प्रत्यक्षात ती गाडी चालविणाऱ्यांस दोनशेच्या आसपास अंतर मिळू लागले, म्हणजे युनिटाला सुमारे सात किलोमीटर. पुढे कारखानदारांनीच दोन आकडे देण्यास प्रारंभ केला. याच गाडीच्या ४५ युनिटांच्या आवृत्तीचे चाचणीतील अंतर ४८९ किलोमीटर आहे, तर बहुतेक ग्राहकांस प्रत्यक्ष मिळेल असे कंपनीने सांगितलेले अंतर ३५० ते ३७० आहे. हॅरिअरच्या बाबतीत हेच आकडे ६२७ आणि ४८० ते ५०५ असे आहेत. या जोड्यांवरून एक सोपा नियम काढता येतो. कागदावरील आकड्याचे चार भाग करावे आणि तीन भागच आपले समजावे.

उरलेला चौथा भाग कोठे जातो? त्याचा पहिला वाटेकरी वारा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेगाने गेल्यास वेग सव्वापट होतो, पण अडथळा दीडपटीहून अधिक वाढतो. उंच, रुंद, चौकोनी तोंडाच्या गाडीला हा भुर्दंड जास्त बसतो. रुबाबाची किंमत अशी युनिटांत मोजावी लागते. दुसरा वाटेकरी ऊन. मे महिन्यात कलबुर्गीकडे पारा चाळिसांपलीकडे गेलेला असताना गाडी थंड ठेवण्यास तासाला एक-दोन युनिटे सहज लागतात. गाडी उभी असली तरी ती लागतातच. तिसरे वाटेकरी म्हणजे टायरमधील कमी हवा, टपावरील सामान आणि खडबडीत रस्ता. चौथा वाटेकरी चढ. त्याचा तर आम्हांस प्रत्यक्ष अनुभव आहे.

आमचे मूळ घर गोव्यात फोंड्याकडे. घरात भाषा कोंकणी. त्याच वर्षी मे महिन्यात आमचे धाकटे बंधू आईला घेऊन आपल्या विजेच्या गाडीने फोंड्याहून बीदरास आले. गाडीची बॅटरी सुमारे चाळीस युनिटांची. त्यांस आणावयास म्हणून आम्ही फोंड्यास गेलो होतो, त्यामुळे त्या प्रवासाची टिपणे आमच्या वहीत आहेत. फोंड्याहून निघताना बॅटरी पूर्ण भरलेली होती. चोरला घाट चढून सुमारे शंभर-सव्वाशे किलोमीटरवरील बेळगाव गाठले, तेव्हा ती निम्मी उरली होती. बंधूंचा चेहरा उतरला. "गाडी बिघडली की काय?" असे ते पुन्हा पुन्हा म्हणू लागले. गाडी बिघडली नव्हती. समुद्रसपाटीजवळून निघालेली माणसांसह पावणेदोन-दोन टनांची गाडी आम्ही साडेसातशे मीटर उंच नेऊन ठेविली होती. शाळेत शिकविलेल्या सूत्राने पाहिल्यास नुसत्या त्या उचलण्यासच साडेतीन-चार युनिटे लागतात. विहिरीतून घागर वर ओढण्यास श्रम पडतात, तसेच हे. परतीच्या वेळी तोच घाट उतरताना मोटर उलट काम करू लागली. चाके तिला फिरवीत आणि ती वीज निर्माण करून बॅटरीत भरी. बेळगावाहून फोंड्यास पोहोचेपर्यंत बॅटरीचा तिसरा हिस्साही खर्च झाला नाही, असे बंधूंनी कळविले. रस्ता तोच, गाडी तीच, आणि हिशेब मात्र भिन्न!

त्या प्रवासात आणखी एक धडा मिळाला. वाटेत एका ठिकाणी जलद चार्जिंग मिळेल अशा भरवशावर आम्ही निघालो होतो. पोहोचलो तो यंत्र बंद. दुपारची वेळ, आई थकलेली, आणि पुढील यंत्र बरेच दूर. शेवटी वातानुकूलन बंद करून, काचा उघड्या टाकून, ताशी पन्नास-साठच्या वेगाने आम्ही मार्ग कंठिला. पोहोचताना बॅटरीत सात टक्के शिल्लक होती. आई एवढेच म्हणाली की, पूर्वी बैलगाडीने जात तेव्हाही वाटेतल्या विहिरीला पाणी आहे की नाही, हे आधी विचारून घेत. त्या दिवसापासून आमचा नियम ठरला आहे: एक यंत्र बंद आहे असे गृहीत धरून दुसऱ्यापर्यंत पोहोचण्याइतकी वीज हाताशी ठेवावी.

गाडी घरी भरणे हा मात्र सुखाचा भाग आहे. साध्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर चाळीस युनिटांची बॅटरी भरण्यास बारा तासांहून अधिक वेळ लागतो. भिंतीवर बसविलेल्या मोठ्या चार्जरने सहा तासांत काम होते. हमरस्त्यावरील जलद यंत्राने तासाभरात पुष्कळशी बॅटरी भरते, पण ऐंशी टक्क्यांनंतर वेग मंदावतो. म्हणून प्रवासात शंभर टक्क्यांची वाट पाहत बसणे व्यर्थ होय. जुन्या घरांतून आधी अर्थिंग तपासून घ्यावे आणि मंजूर भार वाढवून घ्यावा. लांबविलेल्या बारीक वायरीवर गाडी भरणे म्हणजे घराला आग लावण्याची तयारी करणे होय.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी. घरच्या मीटरवर शंभर युनिटे पडली तर बॅटरीत पंचाऐंशी ते नव्वदच पोहोचतात. बाकीची उष्णतेत जातात. गाडीच्या पडद्यावर युनिटाला सात किलोमीटर दिसत असतील, तर मीटरच्या हिशेबाने ते सव्वासहाच पडतात. खरा हिशेब मीटरचा, कारण पैसे मीटरवर द्यावे लागतात. समजा घरची वीज युनिटाला आठ रुपये पडली, तर किलोमीटरला एक रुपया तीस पैसे खर्च येतो. हमरस्त्यावरील यंत्रावर वीस रुपये दर धरला, तर तोच खर्च सव्वातीन रुपयांच्या आसपास जातो. लिटरला पंधरा किलोमीटर देणाऱ्या डिझेलच्या गाडीस, डिझेल नव्वद रुपये धरल्यास, सहा रुपये लागतात. म्हणजे घरी भरणाऱ्यास किलोमीटरमागे पावणेपाच रुपयांच्या आसपास वाचतात. परंतु विजेची गाडी घेताना समजा चार लाख रुपये अधिक मोजले असतील, तर ते भरून येण्यास सुमारे ८५,००० किलोमीटर चालावे लागते. वर्षाला वीस हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे ते सव्वाचार वर्षांत वसूल होतील. आठ हजार फिरणाऱ्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागेल. गाडी उभी ठेवून वीज वाचते, पैसे वाचत नाहीत.

मालकाने आणखी दोन-तीन गोष्टी जाणून घ्याव्या. तेल बदलणे, फिल्टर, क्लच यांची कटकट येथे नाही आणि ब्रेकही कमी झिजतात. उलट वजनामुळे टायर लवकर झिजू शकतात. बॅटरी वर्षांगणिक थोडी थोडी उतरते. बहुतेक कारखानदार तिची आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोवर, हमी देत आले आहेत. आणि ही गाडी धूर सोडीत नाही हे खरे असले, तरी तिची वीज रायचूरच्या औष्णिक केंद्रातून आली की शरावतीच्या पाण्यातून, की पावगड्याच्या सौर उद्यानातून, यावर तिच्या निर्मळपणाचे माप ठरते.

आता ट्रकचा विचार करू, कारण मूळ प्रश्न तोच होता. अवजड मालाला वीज पेलवेल काय, ही शंका नवी नाही. बोरघाटात तिचे उत्तर फार पूर्वीच मिळाले आहे. १९३० साली डेक्कन क्वीन सुरू झाली, ती विजेच्या इंजिनानेच घाट चढू लागली. मात्र रेल्वेला वीज वरच्या तारेतून मिळते; ट्रकला ती पाठीवर वाहून न्यावी लागते. ५५ टन एकूण वजनाच्या माँट्रा ऱ्हायनो या ट्रकची बॅटरी २८२ युनिटांची असून कंपनीने सांगितलेले अंतर १९८ किलोमीटर आहे. म्हणजे किलोमीटरला जवळजवळ दीड युनिट. असा पूर्ण भरलेला ट्रक खोपोलीहून लोणावळ्यास नेला, तर साडेपाचशे मीटर चढण्यासच ८० हून अधिक युनिटे लागतात. एका घाटात पाव बॅटरीहून जास्त संपते!

म्हणून असे ट्रक ठरलेल्या वाटेवर, ठरलेल्या फेऱ्यांसाठीच प्रथम आले. सप्टेंबर २०२५ मध्ये न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात अशा ५० अवजड ट्रकांचा ताफा कामास लागला. तेथे रिकामी बॅटरी काढून भरलेली बसविण्याची सोय ठेवण्यात आली. पुढच्याच महिन्यात चाकण येथे ब्लू एनर्जी मोटर्स या कंपनीने मुंबई-पुणे मार्गासाठी बॅटरी बदलता येणारे ट्रक आणिले. घोड्यांच्या टपालात जसे टप्प्याटप्प्याला ताजे घोडे जोडीत, तसाच हा प्रकार. बंदरातील ट्रक दिवसरात्र धावतो, रोज त्याच ठिकाणी परत येतो, आणि त्याचे चार्जिंग आपल्याच आवारात असते. तेथे वीज डिझेलपेक्षा निम्म्या खर्चात काम करू शकते.

आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांची स्थिती कशी होती? आम्ही त्यांच्याकडून वर्षभराच्या डिझेलच्या पावत्या मागविल्या. त्यांच्या मुलाने त्या वर्गात एकेक करून वाचल्या आणि दुसऱ्याने फळ्यावर बेरीज केली. लॉरी वर्षात सुमारे २४,००० किलोमीटर चालली होती. लिटरला पाच किलोमीटर धरता डिझेलचा खर्च किलोमीटरला अठरा रुपये. तेवढ्याच आकाराच्या विजेच्या ट्रकला मीटरवर किलोमीटरमागे एक युनिट आणि दहा रुपये दर धरला, तर दहा रुपये. वाचले आठ. आठ गुणिले चोवीस हजार म्हणजे वर्षाला १,९२,००० रुपये. मुले आनंदली. मग आम्ही दुसरी ओळ लिहावयास सांगितली. त्यांस सांगण्यात आलेल्या किमतीत, नव्या डिझेल लॉरीपेक्षा, चाळीस लाख रुपयांचा फरक होता. दहा टक्क्यांनी त्याचे वर्षाचे व्याज चार लाख. ज्या मुलाच्या हाती पावत्या होत्या, त्याला ही वजाबाकी कोणी समजावून सांगावी लागली नाही. तो खाली बसला आणि वही उघडून त्याने दोन्ही ओळी उतरवून घेतल्या.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने विजेच्या ट्रकांसाठी जास्तीत जास्त ९ लाख ६० हजार रुपयांचे प्रोत्साहन जाहीर केले. त्यासाठी जुने वाहन मोडीत काढल्याचा दाखला लागे. ही रक्कम धरली तरी व्याज बचतीपेक्षा अधिकच भरत होते. शिवाय वर्षातील कित्येक दिवस लॉरी उभी. उसाच्या फडात चार्जिंग नाही. आणि बॅटरीच्या वजनाइतका माल कमी नेणे भाग. आम्ही त्यांस हे सारे मराठीत लिहून दिले व सांगितले, "गाडी खोटी नाही, पत्रकही खोटे नाही. पण ही गाडी रोज दोन-अडीचशे किलोमीटर धावणाऱ्यासाठी आहे. आपली लॉरी तेवढी धावत नाही." त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेविला आणि जमिनीचा व्यवहार थांबविला.

परंतु गोष्ट येथेच संपली नाही. आपल्याकडे ज्याला 'छोटा हत्ती' म्हणतात, त्या टाटा एसची विजेवरील आवृत्ती मे २०२२ मध्ये आली. तिची बॅटरी २१.३ युनिटांची असून प्रमाणित अंतर १५४ किलोमीटर आहे. आमच्या नियमाने त्यातले तीन भाग धरले तरी एकशे दहा-पंधरा किलोमीटर होतात. जनवाड्याहून बीदर दहा-बारा किलोमीटर. दूध व भाजीपाला घेऊन दिवसातून तीन-चार फेऱ्या केल्या आणि रात्री घरी गाडी भरली, तर वाटेत कोठेही थांबावे लागत नाही. त्या गृहस्थांनी आता एक वही केली आहे. तीत ते रोजचे किलोमीटर, माल आणि फेऱ्या लिहितात. गावातील भाजीवाल्यांच्या फेऱ्याही ते विचारून घेतात. पूर्ण एक वर्षाची नोंद झाल्यावर ते पुन्हा शाळेत येणार आहेत.

विद्यार्थी मित्रहो, यंत्रे बदलत राहतील. आजच्या बॅटरीहून हलकी व स्वस्त बॅटरी उद्या येईल, आणि आज न जमलेला हिशेब त्या दिवशी जमेल. तोवर कोणी तुम्हांस "एका भरण्यात इतके किलोमीटर" असे सांगितले, तर तीन प्रश्न विचारा: एका युनिटात किती? ते युनिट गाडीच्या पडद्यावरचे की घरच्या मीटरवरचे? आणि आपले रोजचे चालणे किती? पहिल्या दोहोंची उत्तरे कंपनी किंवा शेजारी देऊ शकेल. तिसरे उत्तर मात्र आपल्याच वहीत असते, आणि ती वही आज रात्रीपासून लिहिता येते.